चाचणीच्या अचूकतेचे आकडे निदानासाठी वापरायचे कसे

चाचणी लिहून देण्याआधी कागदावर दोन ओळी लिहा. पॉझिटिव्ह आली तर काय करणार, ही पहिली. निगेटिव्ह आली तर काय करणार, ही दुसरी. दोन्ही ओळींत एकच गोष्ट उतरली तर चाचणी लिहू नका. तिचे आकडे कितीही चांगले असले तरी या रुग्णासाठी ती निरुपयोगी आहे. ओळी वेगळ्या निघाल्या, तरच अचूकतेच्या आकड्यांकडे वळायचं.

हे आकडे वाचण्यात जाणकारही फसतात. १९७८ मध्ये हार्वर्ड मेडिकल स्कूलशी संलग्न रुग्णालयांतल्या ६० डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारला गेला. हजारात एकाला असणारा आजार, फॉल्स पॉझिटिव्हचं प्रमाण ५ टक्के. ज्याच्याबद्दल बाकी काहीच माहीत नाही अशा माणसाची चाचणी पॉझिटिव्ह आली, तर त्याला आजार असण्याची शक्यता किती? सर्वांत जास्त जणांनी ९५ टक्के असं सांगितलं. खरं उत्तर जेमतेम २ टक्के आहे, कारण हजारांत खरा रुग्ण एक आणि उरलेल्या ९९९ पैकी सुमारे ५० जण विनाकारण पॉझिटिव्ह. बरोबर उत्तर फक्त ११ जणांचं आलं. गणित पाचवीच्या पातळीचं आहे, पण प्रश्न उलटा वाचला जातो. सेन्सिटिव्हिटी सांगते की आजार असलेल्यांपैकी किती जण पॉझिटिव्ह येतात. आपल्या टेबलावर मात्र पॉझिटिव्ह रिपोर्ट असतो आणि आजार आहे का, हे आपल्याला ठरवायचं असतं.

चाचणीआधीची शक्यता

रिपोर्टला अर्थ येतो तो चाचणीआधीच्या शक्यतेमुळे. ही शक्यता टक्क्यांत मांडा. 'संशय आहे', 'दाट शक्यता' असले शब्द चालणार नाहीत. एकाच शब्दाचा अर्थ एका डॉक्टरच्या डोक्यात ३० टक्के असतो, शेजारच्याच्या ८०.

आकडा आणायचा कुठून? सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे तपासून पाहिलेला स्कोअर. पायातल्या खोल शिरेत गुठळी झाल्याचा संशय असेल तर लक्षणं आणि तपासणी यांना गुण देणारा वेल्स स्कोअर काढतात. स्कोअर शून्य किंवा त्याखाली असेल तर शक्यता सुमारे ५ टक्के, १ ते २ असेल तर सुमारे १७, आणि ३ किंवा त्याहून जास्त असेल तर सुमारे ५३ टक्के. असा स्कोअर उपलब्ध नसेल तर आपल्यासारख्याच ठिकाणी, त्याच तक्रारीसाठी आलेल्या सलग रुग्णांपैकी किती जणांना तो आजार निघाला हे सांगणारा अभ्यास शोधा. स्वतःच्या विभागाच्या नोंदी हाताशी असतील तर त्या पुष्कळदा परक्या अभ्यासापेक्षा जास्त कामाच्या ठरतात. निव्वळ अनुभवावरचा अंदाज शेवटी ठेवा, कारण गेल्या आठवड्यात चुकलेली केस पुढचे सहा महिने तो अंदाज फुगवत राहते.

एकच आकडा सांगवत नसेल तर दोन सांगा: कमीत कमी इतकी, जास्तीत जास्त इतकी. दोन्हींवर गणित करा. निर्णय तोच राहिला तर नेमक्या आकड्यावर डोकं शिणवायचं कारण उरत नाही.

दोन उंबरठे

१९८० मध्ये पॉकर आणि कॅसिरर यांनी मांडलेली उंबरठ्यांची चौकट अजूनही सगळ्यात उपयोगी आहे. एका उंबरठ्याखाली शक्यता इतकी कमी असते की चाचणीही करायची नाही. दुसऱ्याच्या वर ती इतकी जास्त असते की चाचणीची वाट न पाहता उपचार सुरू करायचे. चाचणीची जागा या दोहोंच्या मध्ये.

उपचार करायचे की नाही याची सीमारेषा काढायला एक सूत्र आहे: हानी भागिले, हानी अधिक फायदा. आजार नसताना उपचार दिल्याने जेवढं नुकसान होतं त्याच्या नऊपट फायदा आजार असताना उपचार दिल्याने होत असेल, तर रेषा १० टक्क्यांवर येते. फायदा चौपट असेल तर २० टक्क्यांवर, आणि दोन्ही सारखे असतील तर ५० वर. म्हणून सुरक्षित आणि स्वस्त औषधासाठी कमी शक्यतेवरही पाऊल उचलता येतं, तर मोठ्या शस्त्रक्रियेसाठी जवळजवळ खात्री लागते. फायदा आणि हानी काटेकोर मोजता येत नाहीत, हे मान्य. तरीही 'चुकून उपचार दिला तर काय बिघडेल' आणि 'चुकून राहून गेला तर काय बिघडेल' हे दोन प्रश्न शेजारी ठेवले की उंबरठा ढोबळपणे ठरतो, आणि ढोबळ असला तरी तो रिपोर्ट येण्याआधी ठरलेला असावा. रिपोर्ट पाहून ठरवलेला उंबरठा रिपोर्टच्याच बाजूने झुकतो.

गणित

रुग्णाच्या खाटेशेजारी सगळ्यात सोपी रीत म्हणजे हजार माणसांची मोजणी. फुफ्फुसाच्या क्षयासाठी जीनएक्स्पर्ट, म्हणजे थुंकीत क्षयजंतूंचा डीएनए शोधणारी चाचणी, घ्या. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यांनुसार तिची सेन्सिटिव्हिटी सुमारे ८५ टक्के आणि स्पेसिफिसिटी (आजार नसलेल्यांपैकी किती जण निगेटिव्ह येतात) ९८ टक्के आहे. आधीची शक्यता २० टक्के धरली तर हजारांपैकी २०० जणांना क्षय आहे. त्यांतले १७० पॉझिटिव्ह येतील, ३० निसटतील. क्षय नसलेल्या ८०० पैकी १६ जण खोटे पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह १८६, त्यांपैकी १७० खरे, म्हणजे ९१ टक्के. आता हीच चाचणी २ टक्के शक्यता असलेल्या गटात लावा. २० रुग्णांपैकी १७ सापडतील आणि ९८० निरोगी माणसांपैकी सुमारे २० खोटे पॉझिटिव्ह येतील. पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी निम्म्याहून कमी जणांना क्षय आहे. यंत्र तेच, त्यात नमुना घालायचं काडतूस (कार्ट्रिज) तेच. संशोधन पेपरमधली पॉझिटिव्ह प्रेडिक्टिव्ह व्हॅल्यू (पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी खरे रुग्ण किती) उचलून आपल्या रुग्णाला लावायची नाही, ती यासाठीच. ती त्या पेपरातल्या गटाची असते.

दुसरी रीत लाइकलीहूड रेशोची, म्हणजे रिपोर्टने शक्यता किती हलते हे सांगणाऱ्या आकड्याची. पॉझिटिव्ह रिपोर्टचा रेशो काढायला सेन्सिटिव्हिटीला 'एक वजा स्पेसिफिसिटी'ने भागा. निगेटिव्हचा काढायला 'एक वजा सेन्सिटिव्हिटी'ला स्पेसिफिसिटीने भागा. मग शक्यतेचे ऑड्स करा (शक्यता भागिले, एक वजा शक्यता), रेशोने गुणा आणि परत शक्यतेत आणा (ऑड्स भागिले, एक अधिक ऑड्स).

डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात येणारे तुकडे मोजणारी रक्तचाचणी, हिच्यावर हे करून पाहू. हिशेबासाठी सेन्सिटिव्हिटी ९५ आणि स्पेसिफिसिटी ४५ टक्के धरू. पॉझिटिव्हचा रेशो ०.९५ भागिले ०.५५, म्हणजे १.७. निगेटिव्हचा ०.०५ भागिले ०.४५, म्हणजे ०.११. वेल्स स्कोअर कमी असलेल्या ५ टक्क्यांच्या रुग्णाचा डी-डायमर निगेटिव्ह आला की शक्यता ०.६ टक्क्यांवर येते, विषय संपला. १७ टक्क्यांच्या रुग्णात ती सुमारे २ टक्क्यांवर उतरते. पण ५३ टक्क्यांच्या रुग्णात निगेटिव्ह रिपोर्टनंतरही ११ टक्के उरते, म्हणजे नऊपैकी एकाच्या पायात गुठळी असूनही तो घरी जाईल. अशा रुग्णाला थेट शिरांची सोनोग्राफी करावी. डी-डायमर पाठवण्यात अर्थ नाही. दुसरं टोक पाहा: ५ टक्क्यांच्या रुग्णाचा डी-डायमर पॉझिटिव्ह आला तर शक्यता ८ टक्के होते. पॉझिटिव्ह डी-डायमर म्हणजे गुठळी नव्हे, गुठळी नाही असं अजून म्हणता येत नाही एवढंच.

कॅल्क्युलेटर नको असेल तर फॅगन यांचा १९७५ चा नोमोग्राम, म्हणजे तीन उभ्या मोजपट्ट्यांचा तक्ता, वापरा. डावीकडची शक्यता आणि मधला रेशो यांवर पट्टी ठेवली की उजवीकडे उत्तर मिळतं. तोही हाताशी नसेल तर मॅकगी यांचा २००२ मधला तोंडी हिशेब आहे. रेशो २ असेल तर शक्यता सुमारे १५ अंकांनी वाढते, ५ असेल तर ३० नी, १० असेल तर ४५ नी. रेशो ०.५, ०.२ आणि ०.१ असेल तर अनुक्रमे तेवढीच घटते. आधीची शक्यता १० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान असेल तेव्हाच हा हिशेब वापरायचा. ५ टक्क्यांमधून ४५ वजा करायला कोणी जात नाही म्हणा, पण ५ मध्ये ४५ मिळवणारे भेटतात.

'सेन्सिटिव्ह चाचणी निगेटिव्ह आली की आजार बाद' हा पाठांतरातला नियम जपून वापरा. सेन्सिटिव्हिटी ९० आणि स्पेसिफिसिटी १० टक्के असलेल्या चाचणीचे दोन्ही रेशो बरोबर १ येतात. ती पॉझिटिव्ह येवो की निगेटिव्ह, शक्यता जागची हलत नाही. दोन आकड्यांपैकी एकच सांगणाऱ्या जाहिरातीत नेमकं हेच लपतं.

कट-ऑफवर सगळं थांबत नाही

बऱ्याच चाचण्यांचा निकाल आकड्यात येतो आणि आपण तो कट-ऑफवर, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या सीमेवरच्या आकड्यावर, हो-नाहीत मोडून माहिती वाया घालवतो. शरीरातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनचं उदाहरण घ्या. रक्तक्षय असलेल्या रुग्णांत लोहाची कमतरता ओळखण्यासाठी १९९२ च्या एका आढाव्यात पट्ट्यांनुसार रेशो दिले आहेत (एकक नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर): १५ पर्यंत सुमारे ५२, १५ ते २५ ला ८.८, २५ ते ३५ ला २.५, ३५ ते ४५ ला १.८, ४५ ते १०० ला ०.५४ आणि १०० च्या वर ०.०८. आधीची शक्यता ४० टक्के असलेल्या रुग्णाचं फेरिटिन १२ आलं तर शक्यता ९७ टक्के होते. ४२ आलं तर ५५. कट-ऑफ ४५ वर ठेवला तर रिपोर्टवर दोघांपुढे 'कमी' हाच शब्द छापून येतो. म्हणून पेपरात पट्ट्यांचे रेशो असतील तर तेच घ्या. आणि शरीरात दाह असेल तर फेरिटिन लोहाशी संबंध नसतानाही चढतं, हे विसरू नका. संधिवाताच्या रुग्णात ६० ला तो अर्थ नाही जो इतरांत आहे.

एककांनीही घात होतो. डी-डायमर काही किटांमध्ये एफईयू (फायब्रिनोजेन इक्विव्हलंट युनिट) एककात येतो, काहींत डीडीयू (डी-डायमर युनिट) मध्ये, आणि एफईयूचा आकडा साधारण दुप्पट असतो. ५०० चा कट-ऑफ एफईयूचा आहे. डीडीयूला तो लावला तर गुठळी असलेले रुग्ण निगेटिव्ह ठरतील. लॅब बदलली की पहिल्यांदा एकक विचारा. तसंच वयानुसार डी-डायमर वाढतो, त्यामुळे पन्नाशीनंतर स्थिर कट-ऑफची स्पेसिफिसिटी घसरते. फुफ्फुसातल्या गुठळीची शक्यता फार नसेल तेव्हा ५० च्या पुढे वय गुणिले १० हा कट-ऑफ वापरता येतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तो तपासला गेला आहे. ७८ वर्षांच्या माणसासाठी तो ७८० होतो, अर्थात एफईयूमध्ये.

पेपर तपासताना

इथे घाई करू नका. सेन्सिटिव्हिटी आणि स्पेसिफिसिटी हे चाचणीचे जन्मजात गुण नाहीत; रुग्ण कसे निवडले, तुलना कशाशी केली यावर ते हलतात. तपासणीसाठी क्वाडास-२ हे साधन २०११ पासून वापरात आहे. त्याचे चार भाग आहेत: रुग्णांची निवड, तपासली जाणारी चाचणी, संदर्भ चाचणी (जिचा निकाल खरा धरून तुलना करतात ती), आणि रुग्णांचा प्रवाह व वेळ (कोणाची कोणती चाचणी कधी झाली).

सगळ्यात जास्त फसवणूक निवडीत होते. एका बाजूला आजार पक्का झालेले गंभीर रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला ठणठणीत स्वयंसेवक घेतले, तर कोणतीही चाचणी चमकते. १९९९ मध्ये लाइमर आणि सहकाऱ्यांनी असे अभ्यास आणि संशयित रुग्णांवरचे अभ्यास यांची तुलना केली, तेव्हा पहिल्या प्रकारात डायग्नोस्टिक ऑड्स रेशो (चाचणीची एकूण ताकद एका आकड्यात सांगणारा) सुमारे तिप्पट फुगलेला आढळला. आतड्याच्या कर्करोगासाठी सीईए या रक्तचाचणीचं हेच झालं. सुरुवातीच्या अभ्यासात आजार पुढच्या टप्प्यात गेलेल्या ३६ पैकी ३५ रुग्णांत ती वाढलेली होती. पुढे सुरुवातीच्या टप्प्यातले रुग्ण आणि पोटाचे इतर आजार असलेली माणसं तपासली गेली, तेव्हा निदानासाठी ती टिकली नाही. कोविडच्या रॅपिड अँटिजेन चाचणीत लक्षणं असलेल्यांत सेन्सिटिव्हिटी सुमारे ७३ टक्के होती, लक्षणं नसलेल्यांत सुमारे ५५. तेव्हा पद्धतींच्या भागात 'संशयामुळे आलेले सलग रुग्ण' या अर्थाचे शब्द शोधा. ते नसतील तर आकड्यांवर निम्माच विश्वास ठेवा.

संदर्भ चाचणी सगळ्यांना झाली का, हा दुसरा मोठा प्रश्न. समजा हजार रुग्णांत २०० जणांना आजार आहे आणि चाचणीची खरी सेन्सिटिव्हिटी ६०, स्पेसिफिसिटी ९० टक्के आहे. १२० खरे पॉझिटिव्ह, ८० खोटे पॉझिटिव्ह, ८० निसटलेले, ७२० खरे निगेटिव्ह. आता बायोप्सी सगळ्या पॉझिटिव्ह रुग्णांची केली, पण निगेटिव्हांपैकी दहातल्या एकाचीच. तक्त्यात निसटलेले ८ उरतील आणि खरे निगेटिव्ह ७२. सेन्सिटिव्हिटी १२० भागिले १२८, म्हणजे ९४ टक्के. स्पेसिफिसिटी ७२ भागिले १५२, म्हणजे ४७ टक्के. कोणी खोटं लिहिलं नाही, तरी साधारण चाचणी अतिसंवेदनशील दिसू लागली. बायोप्सी, अँजिओग्राफी यांसारख्या त्रासदायक संदर्भ चाचण्या असलेल्या अभ्यासांत हे हमखास पाहा. पॉझिटिव्हांची बायोप्सी आणि निगेटिव्हांचा नुसता फॉलोअप, असं असेल तरीही आकडे झुकतात.

उरलेल्या गोष्टी भराभर पाहता येतात. चाचणी वाचणाऱ्याला अंतिम निदान माहीत होतं का? अंतिम निदान ठरवताना तीच चाचणी वापरली गेली का? वापरली असेल तर ती स्वतःशीच जुळणार. कट-ऑफ आधी ठरला होता की आकडे पाहून सगळ्यात छान दिसणारा निवडला? अस्पष्ट निकालांचं काय झालं? ते गाळले असतील तर सगळे चुकीचे धरून पुन्हा हिशेब करा आणि निष्कर्ष टिकतो का पाहा. संदर्भ चाचणीच कच्ची असेल तर नव्या चाचणीने खरे पकडलेले रुग्णही खोटे पॉझिटिव्ह म्हणून मोजले जातात, हेही ध्यानात असू द्या.

छोट्या अभ्यासातल्या १०० टक्क्यांनी भुलू नका. ३० पैकी ३० रुग्ण सापडले तर निसटण्याचं प्रमाण शून्य दिसतं, पण ३ भागिले ३० या सोप्या नियमाने ते १० टक्क्यांपर्यंत असू शकतं. डी-डायमरच्या हिशेबात आलेला निगेटिव्हचा ०.११ हा रेशो इथे कुठल्या कुठे जाईल. नेहमी कॉन्फिडन्स इंटर्व्हलचं (खरा आकडा ज्या दोन टोकांमध्ये असावा त्या पट्ट्याचं) वाईट टोक घेऊन एकदा गणित करा. अनेक अभ्यास एकत्र करणाऱ्या आढाव्यात सरासरी आकड्याआधी अभ्यासांचा फैलाव पाहा. वेगवेगळ्या कट-ऑफची सरासरी प्रत्यक्षातल्या कोणत्याच कट-ऑफची नसते.

एकापाठोपाठ चाचण्या

पहिल्या रिपोर्टनंतरची शक्यता ही दुसऱ्या चाचणीची आधीची शक्यता. इथवर ठीक. मात्र दोन्ही रेशो सरळ गुणायचे तर त्या चाचण्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात, आणि त्या बहुधा नसतात. वेल्स स्कोअरमध्ये पोटरीची सूज आधीच मोजलेली आहे. वरून सुजेचा रेशो पुन्हा लावला की एकच पुरावा दोनदा मोजला. तीच चाचणी पुन्हा करून खात्री होते हाही समज अर्धवटच खरा आहे. नमुना घेण्यात गफलत झाली असेल तर दुसऱ्यांदा फरक पडेल. रुग्णाच्या रक्तातच चाचणीला फसवणारी प्रतिपिंडं असतील तर दहा वेळा तोच खोटा निकाल येईल. तिथे वेगळ्या तत्त्वावर चालणारी चाचणी हवी.

जीनएक्स्पर्टकडे परत येऊ. थुंकीच्या सूक्ष्मदर्शी तपासणीत जंतू न दिसलेल्या रुग्णांत तिची सेन्सिटिव्हिटी ८५ वरून सुमारे ६७ टक्क्यांवर येते. अशा रुग्णाची लक्षणं आणि एक्स-रे पाहून शक्यता ६० टक्के वाटत असेल आणि जीनएक्स्पर्ट निगेटिव्ह आली, तर सेन्सिटिव्हिटी ८५ धरून १९ टक्के उरते, ६७ धरून ३४. पहिला आकडा वापरणारा डॉक्टर रुग्णाला घरी पाठवू शकतो; दुसरा वापरणारा कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) पाठवेल आणि कदाचित उपचारही सुरू करेल.

अचूकता वाढली म्हणजे रुग्ण बरे होण्याचं प्रमाण वाढलं असंही नाही. दक्षिण आफ्रिकेसह चार देशांतल्या केंद्रांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही रुग्णांना जागेवरच जीनएक्स्पर्ट आणि काहींना सूक्ष्मदर्शी तपासणी मिळाली. जीनएक्स्पर्टने पहिल्याच दिवशी उपचार सुरू होणारे रुग्ण वाढले, पण काही महिन्यांनंतरच्या आजारपणात फरक दिसला नाही. कारण सूक्ष्मदर्शी गटातल्या बऱ्याच निगेटिव्ह रुग्णांनाही डॉक्टरांनी लक्षणांवरून उपचार दिले होते. नवी चाचणी विभागात आणण्याआधी हे विचारा: आज ती नसताना हे रुग्ण नेमके कुठे चुकतात, आणि नवा रिपोर्ट आल्यावर कोणाचा उपचार बदलेल?

नोंद करताना केस पेपरवर चाचणीआधीची शक्यता, वापरलेला रेशो आणि नंतरची शक्यता अशी एक ओळ लिहा. 'निगेटिव्ह' एवढंच लिहिलं तर रात्रपाळीचा डॉक्टर ते 'आजार नाही' असं वाचतो. '६० वरून ३४ टक्के, कल्चर पाठवलं, ताप वाढल्यास किंवा थुंकीत रक्त आल्यास कल्चरची वाट न पाहता पुन्हा तपासणे' असं लिहिलं तर पुढे काय करायचं हे त्याला कळतं. रुग्णाला सांगताना टक्क्यांऐवजी माणसं मोजा: तुमच्यासारख्या शंभर जणांचा रिपोर्ट असा आला तर त्यांतल्या साधारण चौतिसांना हा आजार असतो, म्हणून पुढची तपासणी.